शेवटाआधीची गाडी

किन्हवलीच्या माणसांनी जन्मात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही, अशी शहापुरात त्यांची चेष्टा होत असे. चेष्टा असली तरी गोष्ट खरी होती. दिवसभराची कामं उरकून सहाच्या खेळाला यायचं, आणि पडद्यावर मारामारी ऐन रंगात आली की थेटरचा दारवान दार किलकिलं करून ओरडायचा, "किन्हवली! किन्हवलीवाले, चला!" त्यासरशी तीन-चार रांगा धडाधड उठायच्या. शेवटची एस्टी कुणासाठी थांबत नसे. खुनी कोण, नायक जगला की मेला, ताटातूट झालेली भावंडं भेटली का, हे सगळं अंधारात तसंच टाकून मंडळी चपला सावरत स्टँडकडे पळायची. पुढे बसलेले शहापूरकर शिव्या घालायचे. पण शिव्या खाऊन पोट दुखत नाही, आणि गाडी चुकली तर मात्र रात्र स्टँडच्या बाकड्यावर काढावी लागते, एवढा हिशेब किन्हवलीला येत होता.

गाडी सापगाव सोडून पुढे लागली की बायका म्हणायच्या, "बाळे, सांग गो आता."

आणि बाळी सिनेमाचा शेवट सांगायची. न पाहिलेला, मनाचाच. तिच्या शेवटात सहसा कुणी मरायचं नाही. खलनायकालासुद्धा ती जिवंत ठेवायची, कारण त्याची म्हातारी आई घरी एकटी असेल असं तिला वाटायचं. तिच्या मांडीवर डोकं ठेवून हे सगळं ऐकणारा शेखर हा तिचा धाकटा दीर. तो पुरता चालायला लागला नव्हता तेव्हाच त्याची आई गेली होती, आणि बाळी लग्न होऊन घरात आली ती हळद उतरायच्या आत त्याची आई होऊन बसली. नवऱ्याला, धर्माला, सिनेमाचं वेड नव्हतं. मग सोबतीला दीर. स्वतःचं मूल तिला झालं नाही. त्यावरून कुणी टोचून बोललं तर ती शेखरला पुढे करायची आणि म्हणायची, "हा काय झाडाला लागला काय?"

पुढे मोठेपणी मुंबईत शेखरने त्यातले दोन-तीन सिनेमे शेवटपर्यंत पाहिले, आणि त्याला चक्क फसवल्यासारखं वाटलं. वहिनीचे शेवट किती तरी चांगले होते.

चौऱ्याण्णव सालच्या पौषात धर्मा म्हसेच्या जत्रेला गेला. मुरबाडपलीकडची ही जत्रा गुराढोरांच्या बाजारासाठी नावाजलेली. घरचा एक बैल म्हातारा झाला होता, जोडीला दुसरा आणायचा होता. धर्माने आदल्या आठवड्यात पडवीत बसून नवा कासरा वळला होता, नव्या बैलासाठी. सकाळी भाकरी बांधून घेतली, शेखरच्या डोक्यात टपली मारली आणि गेला. तो परत आलाच नाही.

लोकांनी जत्रा पिंजून काढली. विहिरी पाहिल्या, नदीकाठ पाहिला, पोलिसांत कळवलं. बैलाचे पैसे जवळ होते, कुणीतरी वाटेत गाठून मारलं असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. प्रेत मात्र कधी सापडलं नाही. बाळीने कुंकू पुसलं नाही. ती दर पौषात म्हसेला जायची, बैल बांधतात तिथे झाडाखाली दिवसभर बसायची, आणि शेवटच्या गाडीने घरी यायची. लोक तिला जागा द्यायचे, पाणी विचारायचे. एक गोष्ट मात्र सुटली. सिनेमाचे शेवट सांगणं तिने त्या साली बंद केलं ते कायमचं.

बारा वर्षं उलटली तसा महादूकाका मागे लागला. हा धर्मा-शेखरचा सख्खा चुलता, घरातला आता तोच वडीलधारा. बारा वर्षं पत्ता नसलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा, दिवस घालायचे, ही रीत. नाहीतर जिवाला गती मिळत नाही. घरात वासरू मेलं तरी काका म्हणायचा, "धर्मा अडकलाय गो मधीच. सोडव त्याला." पुतळा जळला की बाळीने बांगड्या फोडायच्या, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं एवढंच. बाळी एका वाक्यावर ठाम होती. "तो येयाचा हाय अजून." काकाने शेवटी येत्या सर्वपित्री अमावास्येची मुदत घातली आणि शेखरला निरोप धाडला, तू ये आणि वहिनीला समजाव.

आता शेखरची खरी पंचाईत ही होती की धर्मा जिवंत आहे हे त्याला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी तो एका दिग्दर्शकाच्या हाताखाली राबत असताना चित्रीकरणाची जागा बघायला वापीला गेला होता. हमरस्त्याला एक टायर-पंक्चरचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलेल्या माणसाची पाठ त्याने ओळखली. माणसाचं तोंड बदलतं, पाठ बदलत नाही. धर्माने त्याला पाहिलं, हात पुसले, शेजारच्या टपरीवर नेऊन चहा पाजला. नाव दुसरं घेतलं होतं. बायको होती, मुलगी होती. "असा का केलास रे दादा?" एवढंच शेखरला विचारता आलं. धर्मा कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, "गाडी चुकली. म्हसेची शेवटची. रात्री तितंच पडलो. सकाळी उठलो तं घरी जावासा वाटला नाय." आणि मग, "घरी नको सांगू."

शेखर तेव्हापासून हे पोटात घेऊन फिरत होता. किन्हवलीला आला की ठरवून यायचा, आज सांगून टाकू. वहिनी ताट वाढायची, शेजारी बसून त्याच्या पानात माशाचा मधला तुकडा सरकवायची, आणि त्याच्या जिभेला टाळं लागायचं. माणसं काय काय करतात! एक वाक्य बोलवेना म्हणून या पठ्ठ्याने अख्खा सिनेमा काढला.

पहिलाच सिनेमा. जत्रेला बैल आणायला गेलेला माणूस परत येत नाही. निवृत्तीला आलेला एक हवालदार त्याचा माग काढतो. कुणी म्हणतं चोरांनी मारला, कुणी बायकोवरच बोट ठेवतं. हवालदार खणत जातो तसतसं गावातलं एकेक झाकलेलं वर येत जातं, आणि हरवलेल्या माणसाचं तोंड मात्र सिनेमाभर कुठे दिसत नाही, दिसते ती पाठ. अगदी शेवटी हवालदाराला तो सापडतो. दूरच्या गावात, दुसऱ्या नावाने, चांगला जिवंत. का, असं विचारल्यावर तो एवढंच म्हणतो, गाडी चुकली. हवालदार परत येतो, त्या बाईच्या दारात उभा राहतो, कडीला हात घालतो, आणि पडदा काळा होतो. मुंबईच्या वर्तमानपत्रांनी तोंड भरून लिहिलं. पहिल्याच प्रयत्नात इतक्या थंड डोक्याने काळोख रंगवणारा मुलगा बऱ्याच वर्षांत पाहिला नाही, आणि तो शेवट तर सुरी फिरवल्यासारखा. सत्कार झाले, हार पडले. शेखरचं लक्ष एकाच प्रेक्षकाकडे होतं.

शहापूरच्या थेटरात सिनेमा लागला तेव्हा भाद्रपद चालू होता. अमावास्या तोंडावर आलेली. शेखर जुनी गाडी विकत घेऊन, स्वतः चालवत आला. वहिनीला बसवताना म्हणाला, "वयनी, आज एस्टीची चिंता नाय. आज शेवट बघून निघाचा."

"बघू," बाळी हसून म्हणाली. तिने ठेवणीतलं लुगडं काढलं होतं.

अर्धी किन्हवली थेटरात होती. आपल्या गावच्या पोराचा सिनेमा म्हणून सकुबाई, बाळीची शेजारीण, गुडघे धरत का होईना पण आली होती. शेखर वहिनीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता, तेवढंच तो बघत राहिला. ती पदर हनुवटीशी धरून, जराही न हलता बघत होती.

मध्यंतरात त्याने वडा आणून दिला. तिने तो हातातच ठेवला.

"काळोख चांगला दाखवलास," ती म्हणाली. "नायतर पिच्चरवाले रात्रीचा बी निळा उजेड पाडतात. आपल्याकडं लाइट गेल्यावर असाच असतो. माणूस दिसत नाय, हाय एवढा समजतो."

शेखरला इतक्या हारांनी झालं नव्हतं ते या वाक्याने झालं. सिनेमा जमला, असं त्याला पहिल्यांदा वाटलं.

"आनि त्या बाईला रडवली नायस, ते बरा केलास. घरात माणसं बसलेली असताना कुठं रडाचा? चुलीत फुंकर मारताना काय डोल्यातून येल तेवढाच." मग तिने विचारलं, "त्या मानसाचा तोंड दाखवशील का पुढं?"

"नाय."

"नको दाखवू," बाळी म्हणाली, जणू सिनेमा अजून काढायचाच होता.

मध्यंतरानंतर हवालदार त्या घरी पुन्हा जातो. बाई आत पाणी आणायला गेलेली. पडवीत अंधार. त्याची बॅटरी भिंतीवरून फिरत फिरत खुंटीवर येते. खुंटीला नवाकोरा कासरा. बॅटरी तिथेच थांबते, हलत नाही. बैल आणायला निघालेला माणूस कासरा घरी ठेवून गेला आहे. थेटरात कुणीतरी "आयला!" म्हणालं.

बाळीचा हात शेखरच्या मनगटावर आला. थंडगार होता. तिने ते इतकं घट्ट धरलं की बांगडी त्याच्या हाडात रुतली. आता शेवटाला थोडाच वेळ होता. आता हवालदार गाडी पकडणार, त्या दूरच्या गावात उतरणार, टायरच्या दुकानासमोर उभा राहणार. एवढं होऊ दे, मग मला काही बोलावं लागणार नाही.

तेवढ्यात मागचं दार किलकिलं झालं. दारवान नवीन होता, पण वहिवाट जुनीच. "किन्हवली! किन्हवलीवाले, चला!"

रांगा उठल्या. आणि बाळीही उठली.

"वयनी, बस ना," शेखर पुटपुटला. "गाडी हाय ना आपली. थोडाच राह्यलाय."

"नाय रे. एस्टी चुकेल," ती म्हणाली, आणि माणसांच्या पायांवरून वाट काढत बाहेर पडली.

शेखर तिच्या मागे धावला. स्टँडवर पिवळा दिवा होता, गाडी अजून लागली नव्हती. बाकीच्या बायका पुढे घोळक्याने उभ्या होत्या. बाळी कडेच्या बाकड्यावर एकटी बसली. तो समोर जाऊन उभा राहिला. त्याला राग आला होता, रडू येत होतं, आणि दोन्हीतलं आधी काय करावं ते कळत नव्हतं.

"शेवटासाठी तर काढला होता गो पिच्चर. तुझ्यासाठी."

"समजला मला. तो कासरा दिसला तवाच समजला." तिने पदर नीट केला. "कुठं हाय तो?"

इतकी वर्षं न उचललेली जीभ आता आपोआप उचलली. "वापीला."

"बरा हाय?"

"हाय."

"पोर?"

"एक मुलगी. शाळेत जाते."

बाळीने मान हलवली. मग विचारलं, "कोनावर गेलीय?"

"त्याच्यावर. हसली की गालाला तशीच खळी पडते."

"गोड असेल मंग," ती म्हणाली. शेखर तिच्या पायाशी खाली बसला, लहानपणी बसायचा तसा.

"दादा बोलला, म्हसेची गाडी चुकली. मंग येवासा वाटला नाय."

"गाडी नाय चुकली त्याची." बाळी सावकाश बोलत होती. "सोताच्या हातानं वळलेला कासरा मानूस विसरतो होय? तू शेनपाण्याला गेलेलास तवा पाह्यला मी खुंटीला. तो बैल आनाया गेलाच नव्हता रे. दुसऱ्या दिवशी घरात माणसं जमाच्या आत मी तो कासरा माळ्यावर पेंढ्यात लपवला."

"मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाह्यला होता," शेखर म्हणाला. "संध्याकाळी नव्हता. कधी विचारला नाय."

"बरा केलास." तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "हरवलेल्याच्या बायकोला लोक पानी देतात, शेकर. टाकलेलीला विचारतात, तुझा काय चुकला? मला नाय सांगता आला असता. मलाच माहीत नाय माझा काय चुकला."

तिचं काही चुकलं नव्हतं. शेखरला हे ओरडून सांगायचं होतं. पण ती उत्तर मागतच नव्हती.

"मंग दर साली म्हसेला जातेस ती कशाला?" त्याने विचारलं.

"माहीत असला म्हनून काय वाट बघाची थांबते?"

लांबून गाडीचे दिवे दिसले. बायकांची गडबड सुरू झाली. बाळी उठली, त्याच्या दंडाला धरून त्यालाही उठवलं. "काकाला सांग, अमावास्येला पुतळा करा."

"वयनी, जिता हाय तो!"

"तुझ्या शेवटात जिता हाय. माझ्या शेवटात नाय." मग त्याचा चेहरा बघून तिला त्याची दया आली असावी. "पिच्चर लय चांगला काढलास रे. त्या बाईचा सगला खरा दाखवलास. मी शेवट बघितला नाय म्हनून रागावू नको."

शेखरने आपली गाडी थेटरपाशीच सोडली आणि एस्टीत चढला. बाळीच्या शेजारी खिडकीशी जागा मिळाली. सापगाव मागे पडलं. मग पुढच्या बाकावरून सकुबाई मान वळवून, जरा बिचकतच म्हणाली, "बाळे, सांगशील गो? काय झाला त्या मानसाचा?"

बाळी आता नाही म्हणणार असंच सगळ्यांना वाटलं, कारण बारा वर्षं ती नाहीच म्हणत आली होती.

"मेला गो," बाळी म्हणाली. "बैल घेतला त्यानं. चांगला पांढरा, उभ्या शिंगांचा. कासरा घरी राह्यला म्हनून तितंच दुसरा घेतला. गाडी गावली नाय, तं बैल हाती धरून रानातनं पायीच निघाला. बायको वाट बघत असेल म्हनून थांबला नाय. घाटात पाय घसरला. बैल गेला कुनाच्या तरी गोठ्यात. पन तो घरीच येत होता. तोंड घराकडंच होता त्याचा."

बायका हळहळल्या. सकुबाईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बिचारी ती बाई."

"हां," बाळी म्हणाली. "पन तिला समजला, तो येत होता."

शेखरने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एवढा मोठा दाढीवाला बाप्या, पण कुणी हसलं नाही.

अमावास्येला नदीकाठी महादूकाकाने पळसाच्या पानांचा पुतळा मांडला. वापीला त्या वेळी धर्मा कुठल्या तरी चाकात हवा भरत असेल, आणि इथे त्याच्या धाकट्या भावाच्या हातात अग्नी होता. बायकांनी नदीवर यायचं नसतं, पण बाळी आली. कुणाची तिला अडवायची छाती झाली नाही. तिच्या हातात एक कासरा होता. पेंढ्यात राहून त्याला बुरशी धरली होती, पीळ मात्र अजून घट्ट होता. लोकांना वाटलं, हा त्या गेलेल्याचा कासरा, त्याच्याबरोबर जाऊ दे. काकाने मान डोलावली.

तिने तो पुतळ्याच्या उजव्या हाताशी नीट गुंडाळून ठेवला. "आता विसरू नको," ती म्हणाली. मग शेखरने अग्नी दिला, आणि भोवती माणसं आहेत याची पर्वा न करता बाळी पहिल्यांदा मोठ्याने रडली.